लँडिंगला परवानगी नाही

अण्णांच्या कादंबरीतलं यान ओझरच्या आभाळात, दहाव्या मैलाच्या थोडं पुढे, घिरट्या घालतंय. आत परग्रहावरची सदतीस मंडळी आहेत. ती कुठून आली, कशासाठी आली, त्यांच्यात कोण कोणावर रुसलंय, हे सगळं अण्णांना तोंडपाठ आहे. खाली स्वागताला कलेक्टर उभे आहेत, बँडवाले उभे आहेत, कुणीतरी नारळही आणलाय. अडचण एवढीच की अण्णा यानाला उतरू देत नाहीत. पाहुण्यांच्या पचनसंस्थेचं ड्रॉइंग अजून पास झालेलं नाही.

अण्णा विमान कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. बाहेरगावच्या माणसाला इन्स्पेक्टर म्हटलं की खाकी आठवते. ओझरला आठवतो तो खिशात शिक्का असलेला माणूस. त्याचा शिक्का पडल्याशिवाय साधा ब्रॅकेटसुद्धा पुढच्या टेबलावर सरकत नाही. १९६४ साली इथे मिगचा कारखाना आला आणि गावाच्या नावाला ‘मिग’ हे शेपूट कायमचं चिकटलं. मिग-२१ झालं, मिग-२७ झालं, सुखोई झालं, आता तेजसची पाळी आहे. मिगच्या काळात आराखडा रशियाचा, सांगाडा ओझरचा, इंजिन कोरापूटचं आणि आतली इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादची, अशी वाटणी होती. ओझरच्या इन्स्पेक्टरने बघायचं ते इतकंच, की ड्रॉइंगमध्ये आहे तसंच झालंय ना. तीसेक वर्षं हे केलं की माणसाच्या डोळ्यांचं काहीतरी होतं. लग्नाच्या मांडवात अण्णा नवरीकडे न बघता खांब ओळंब्यात आहे का ते बघतात. दहाव्याला गेले तरी पिंड सारख्या आकाराचे नाहीत हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. सुदैवाने तिथे ते बोलत नाहीत.

कारखान्याच्या प्रत्येक गावात असा एक माणूस असतो. जन्मभर दुसऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगवर टिकमार्क केलेली असते. निवृत्तीनंतर एकदा तरी स्वतःचं ड्रॉइंग काढावं अशी त्याला उबळ येते. कुणी होमिओपॅथी शिकतो, कुणी सोसायटीचे नियम नव्याने लिहून शेजाऱ्यांना कोर्टात खेचतो, कुणी गच्चीवर सोलर कुकरमध्ये केक करतो. अण्णांनी एकदम जीवसृष्टीच करायला घेतली.

कादंबरीचं पहिलं वाक्य पत्ता आहे. ‘ओझर (मिग), तालुका निफाड, जिल्हा नाशिक.’ मी म्हटलं, “अण्णा, कादंबरी आहे की रजिस्टर्ड पत्र?” तर म्हणाले, “उद्या त्यांचा नॅव्हिगेटर अष्टविनायकाच्या ओझरला गेला तर? जुन्नर तालुक्यात उतरतील आणि विघ्नेश्वराच्या रांगेत चार तास उभे राहतील. मग सगळा प्लॉट वाया.” यावर मला काही बोलता आलं नाही. मुंबईहून येणारे आमचे स्वतःचे नातेवाईक दोनदा तिकडे गेलेले आहेत.

अण्णांचं वाचन दांडगं आहे, पण त्याला वाचन म्हणणं तितकंसं बरोबर नाही. ते मालाची तपासणी करतात. हातात तांबडी पेन्सिल असते. मिगच्या दिवसांत वसाहतीत रशियन तंत्रज्ञ असायचे, त्यांच्यासोबत काम करता करता अण्णा रशियन शिकले. त्यातले दोन शब्द त्यांनी आजतागायत वापरात ठेवलेत. पसंत पडलं तर समासात ‘खराशो’, नाही पडलं तर ‘नेल्झ्या’. म्हणजे चालायचं नाही. त्यांच्या कपाटातल्या पुस्तकांवर ‘नेल्झ्या’ इतक्या वेळा आहे की नवख्या माणसाला ते पुस्तकांच्या मालकाचं नाव वाटतं.

तपासणीचा पहिला प्रश्न ठरलेला: हा खातो काय? परग्रहावरचा माणूस किती हुशार आहे, किती दुष्ट आहे, पृथ्वीवरच्या पोरीवर त्याचं प्रेम बसलं का, या गोष्टींत अण्णांना गम्य नाही. तो खातो काय, श्वास कशाचा घेतो, घाण कुठे टाकतो आणि त्याचा आपल्या गावावर परिणाम काय, एवढं सांगा. एच. जी. वेल्सला त्यांच्याकडे मान आहे. १८९८ साली आलेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळावरचे राक्षस तोफांना फारशी दाद देत नाहीत आणि आपल्याकडच्या साध्या जंतूंनी मरतात, कारण त्यांच्या अंगात त्या जंतूंशी झुंजण्याची ताकद कधी तयारच झालेली नसते. वेल्स टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला होता, हे अण्णा असं सांगतात की जणू हक्स्ले आपल्याच शॉपचे फोरमन होते. त्या पुस्तकावर शेवटच्या पानावर ‘खराशो’ आहे, आणि खाली बारीक अक्षरात: ‘इनकमिंग इन्स्पेक्शन केलं असतं तर मेले नसते.’

‘कोई मिल गया’ मात्र पार नापास. २००३ साली सगळी वसाहत तो सिनेमा बघून डोळे पुसत बाहेर पडली. अण्णा तिकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब करत बाहेर पडले. जादू उन्हावर चालतो ना? भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट पडतात. जादूची उन्हाकडची बाजू अर्धा चौरस मीटर धरा. कातडीने झाडाच्या पानासारखं काम केलं तर त्यातले शेकडा दोन-तीनच कामी येणार. म्हणजे झाले दहा-पंधरा वॅट. माणसाला नुसतं पडून राहायला ऐंशी-शंभर लागतात. “एवढ्यात तो फार तर कुंडीत उभा राहील,” अण्णा म्हणाले, “बास्केटबॉल कसला खेळतोय!” त्या दिवसापासून वसाहतीतली मुलं त्यांच्याबरोबर सिनेमाला जात नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या पाहुण्यांचा इतिहास हा असाच रिजेक्शनचा इतिहास आहे. पहिला पाहुणा अठरा फूट उंच होता. तो काही प्रकरणं चालला. मग अण्णांनी त्याचं स्ट्रेस कॅल्क्युलेशन केलं. सहा फुटी माणूस सगळ्या बाजूंनी तिप्पट केला तर वजन होतं सत्तावीसपट आणि हाडाची जाडी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ, वाढतं नऊपट. प्रत्येक हाडावर तिप्पट ताण. पायरी उतरताना मांडीचं हाड जाणार. गॅलिलिओने हे चारशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. अण्णांना ते आठव्या प्रकरणात आठवलं. आठ प्रकरणं स्क्रॅपमध्ये गेली.

दुसरा पाहुणा झुरळाच्या जातीचा, बैलाएवढा. तो श्वासाला अडला. किडे फुप्फुसाने श्वास घेत नाहीत. अंगावर बारीक भोकं असतात, तिथून नळ्यांनी हवा आत झिरपते. बैलाएवढ्या देहात ती मध्यापर्यंत पोचेपर्यंत मधला भाग गुदमरलेला असणार. तोही गेला. अण्णांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, त्याचं वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या पाहुण्याला वशिला मोठा होता, थेट रशियाचा. इव्हान येफ्रेमोव हा सोविएत लेखक मुळात प्राण्यांचे अवशेष शोधणारा शास्त्रज्ञ. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्याने ‘सर्पाचं हृदय’ नावाची दीर्घकथा लिहिली. त्यात माणसांना दूर अवकाशात दुसरं यान भेटतं. आतले लोक दिसायला आपल्यासारखे, पण ऑक्सिजनऐवजी फ्लोरिनवर जगणारे, आणि त्यांच्या ग्रहावर पाण्याच्या जागी हायड्रोजन फ्लोराइडचे समुद्र. दोघांना हातात हात देता येत नाही. मध्ये पारदर्शक भिंत ठेवून भेटायचं. अण्णांच्या मते परग्रहावरच्या जीवांवर लिहिलेली ती सगळ्यात सभ्य कथा. त्यांनी लगेच आपले सदतीस जण फ्लोरिनवाले करून टाकले. पण ते ॲसिड अण्णांनी कामावर पाहिलेलं होतं. टायटॅनियमचे भाग साफ करायला ते नायट्रिकमध्ये मिसळून वापरतात. काच खातं आणि कातडीतून थेट हाडाला भिडतं. मग कपबशीचा प्रश्न आला. काचेचा कप चालणार नाही, चिनी मातीचा चालणार नाही. टेफ्लॉनचा चालेल. अण्णांनी काकूंना विचारलं, “पाहुण्यांना निर्लेपच्या तव्यातून चहा दिला तर?”

काकू म्हणाल्या, “माझ्या फरशीवर एक थेंब सांडला ना, तर तुम्हीही त्यांच्याबरोबर जा.”

फ्लोरिनवाले कायमचे रद्द झाले.

इथवर ही गोष्ट अण्णांची आणि तांबड्या पेन्सिलीची होती. चौथ्या पाहुण्यापासून तिच्यात आप्पा आले. आप्पा गावातले द्राक्षबागायतदार. बाणगंगेच्या अंगाला त्यांची बाग आहे. ते संध्याकाळी अण्णांच्या ओट्यावर चहाला येतात आणि जगातल्या कुठल्याही विषयावर दोनच प्रश्न विचारतात: ह्याला पाणी किती लागतं आणि ह्याच्यावर रोग कोणता पडतो. माझ्या मते अण्णांना आयुष्यात मिळालेला हा एकमेव लायक समीक्षक.

चौथे पाहुणे सिलिकॉनचे. कार्बनऐवजी सिलिकॉनचे जीव ही विज्ञानकथेतली जुनी कल्पना. अण्णांना तिच्यातली मेख माहीत होती. आपण कार्बन जाळतो आणि जो कार्बन डायऑक्साइड होतो तो वायू असतो, म्हणून नाकातून सुटतो. सिलिकॉन जाळला तर होते सिलिका. म्हणजे वाळू. अण्णांनी हे मोठ्या नाट्याने वाचून दाखवलं: पाहुणे यानातून उतरतात, कलेक्टरांना नमस्कार करतात, सुस्कारा सोडतात, आणि नाकातून वाळू पडते.

आप्पांनी बशी खाली ठेवली. “दिवसाला किती?”

“काय किती?”

“वाळू हो. किती पडती एका माणसामागं?”

झालं. गोदाकाठच्या माणसाला वाळू म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. कादंबरी बाजूला राहिली आणि कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर गणित सुरू झालं. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तेवढ्याच रेणूंची सिलिका झाली तर सव्वा किलोच्या वर, दीड किलोच्या आत. वर्षाला पाचशे किलो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजनात साडेचार टनांच्या आसपास. म्हणजे एका पाहुण्याला एक ब्रास वाळू काढायला नऊ वर्षं लागणार. सदतीस जणांनी रात्रंदिवस श्वास घेतला तर सगळे मिळून वर्षाला चार ब्रास.

आप्पा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “चार ब्रासासाठी एवढ्या लांबून आले?”

अण्णांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी पुढचं प्रकरण लिहिलं ते मी त्यांचं सर्वोत्तम लेखन मानतो. महसूल खात्याला वास लागतो. तलाठी येतो. नाकातली वाळू गौण खनिजात मोडते का, मोडत असेल तर स्वामित्वधन कुणी भरायचं, परवाना श्वास घ्यायच्या आधी काढायचा की सोडायच्या आधी, यावर पत्रव्यवहार होतो. पाहुण्यांना शिंक येते तो अवैध उपसा ठरतो आणि पंचनामा होतो. आकाशगंगा ओलांडून आलेली ती प्रगत जमात शेवटी सात-बाऱ्यावर नाव लागावं म्हणून तहसीलच्या व्हरांड्यात बसते. मी म्हटलं, अण्णा, हे छापा. एवढंच छापा. पण अण्णांनी दुसऱ्या दिवशी ते फाडलं. आपल्या तापमानाला सिलिकॉनची साखळी कार्बनसारखी लांब आणि टिकाऊ राहत नाही, असा त्यांना शोध लागला होता. “पायाच कच्चा आहे,” म्हणाले, “वर मजला कसा चढवू?” मराठी साहित्याचं त्या दिवशी जे नुकसान झालं त्याची कुठे नोंद नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

आप्पांचा खरा दणका पुढे आला. एकदा अण्णा सांगत होते की पाहुणे आले तर गावात हाहाकार होईल. आप्पा म्हणाले, “कशाचा हाहाकार? ते तर कवाच आलेत.” आणि त्यांनी बागेत नेऊन दाखवलं. खाली खुंट डॉगरिजचा, अमेरिकेचा, खारट पाणी आणि दुष्काळ सोसणारा. वर कलम थॉमसनचं. पानावर डागाखाली पांढरी बुरशी आली की ती डावणी. तीही अमेरिकेचीच. १८७०च्या दशकात ती फ्रान्समध्ये पोचली. त्याच्या थोडं आधी मुळांना चिकटून फायलोक्सेरा नावाचा इवलासा किडा गेला होता आणि त्याने युरोपातल्या द्राक्षबागा मुळापासून खाल्ल्या. इलाज निघाला तोही परकाच: अमेरिकन खुंटावर आपलं कलम बांधा. डावणीवर १८८५च्या सुमारास मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण निघालं, ते आप्पा आजही मारतात. बांधावर गाजरगवत आहे. ते पन्नाशीच्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नजरेत आलं. मक्यात अमेरिकन लष्करी अळी आहे. ती २०१८ सालची नवी पाहुणी. आप्पांनी हे सगळं रांगेत उभं राहून सांगितलं, हातातली कात्री न थांबवता.

“पाहुणा कधी यानातून येतो का, अण्णा? तो मुळीला चिकटून येतो. तुमचे सदतीस जण सज्जन असतील. त्यांच्या पायाला काय लागलंय ते बघा.”

अण्णा तिथल्या तिथे बांधावर बसले. आयुष्यभर हँगरमध्ये त्यांनी हेच केलेलं होतं. विमानात राहून गेलेला एखादा नट, चुकून पडलेला स्क्रू, रनवेवरचा खडा: परकी वस्तू आत गेली की इंजिन गेलं. त्यासाठी माणसं रांग करून रनवे झाडतात, पाटीवर हत्यारं मोजून ठेवतात. आणि स्वतःच्या कादंबरीत मात्र त्यांनी यानाचे पाय तपासलेच नव्हते.

आता मध्येच नारळीकरांबद्दल सांगायला हवं. मराठीत विज्ञानकथा लिहायला बसलेल्या कुणालाही तो रस्ता टाळता येत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे अण्णांना कळल्यापासून त्यांच्या कादंबरीची पक्की प्रत काकूंच्या हस्ताक्षरात होते. “तुमचं अक्षर कोण ओळखणार आहे?” असं काकूंनी एकदा विचारलं होतं. “स्टोअरवाले,” अण्णा म्हणाले.

नारळीकरांचा कथालेखक म्हणून अण्णांना आदर आहे, पण भक्ती आहे ती दुसऱ्याच कारणासाठी. २००१ साली आणि पुन्हा २००५ साली हैदराबादहून भलेमोठे फुगे सोडले गेले आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने खाली आणले. इस्रोने पाठबळ दिलेल्या या प्रयोगाचे प्रमुख नारळीकर. नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे झाली. २००९ साली जाहीर झालं की बारा जिवाणू आणि सहा बुरशांच्या वसाहती मिळाल्या, त्यांतल्या तीन जिवाणूंच्या जाती पृथ्वीवर पूर्वी माहीत नव्हत्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटांचं. ओझरचं कुणालाच दिलं नाही ही अण्णांची तक्रार आहे, कारण मिग-२१ ची मजल साडेसतरा किलोमीटरच्या आसपास आणि हे जंतू त्याच्याही वर, इंजिनाशिवाय. पण त्यांना सगळ्यात भावलं ते शास्त्रज्ञांनी पुढे लिहिलेलं वाक्य: हे जंतू पृथ्वीबाहेरचेच आहेत असं यातून सिद्ध होत नाही. “बघा,” अण्णा म्हणतात, “एवढं हाताशी आलं होतं. दुसरा असता तर लँडिंग करून मोकळा झाला असता. शिक्का मारला नाही त्या माणसाने!”

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकचं साहित्य संमेलन आडगावला, म्हणजे ओझरहून हाकेच्या अंतरावर आग्रा रोडलाच भरलं आणि अध्यक्ष नारळीकर. अण्णांनी हस्तलिखित इस्त्रीच्या कापडात बांधलं. पचनसंस्थेचं परिशिष्ट तेवढं मागे ठेवलं. पण प्रकृतीमुळे अध्यक्ष येऊ शकले नाहीत. अण्णा पुस्तकांच्या दालनात फिरून, तीन विज्ञानकादंबऱ्या उभ्या उभ्या तपासून, दोन नापास करून परतले. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले त्या दिवशी अण्णांनी कुणाचीच चूक काढली नाही. काकू घाबरल्या होत्या.

तर पाचवे आणि सध्याचे पाहुणे. हे आरशातले आहेत. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती एका बाजूची, ज्यांना डावी म्हणतात, साखरा उजव्या. डाव्या हातात उजवा हातमोजा बसत नाही तसं, ही जुळणी नसली की पचत नाही. अण्णांचे पाहुणे बरोबर उलटे: प्रथिनं उजवी, साखरा डाव्या. दिसायला सगळं आपल्यासारखं, पण पुरणपोळ्यांवर पुरणपोळ्या वाढल्या तरी ते उपाशीच मरणार. आणि त्यांची डावी साखर? ती आपल्या जिभेला आपल्या साखरेइतकीच गोड लागते आणि अंगी अजिबात लागत नाही.

ही बातमी वसाहतीत फुटली आणि अण्णांच्या कादंबरीला प्रथमच वाचकवर्ग मिळाला. निवृत्त वसाहत ती; सकाळी फिरायला जाणाऱ्यांतले अर्धे फास्टिंग शुगरच्या आकड्यानेच एकमेकांना ओळखतात. लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, “अण्णा, ती मंडळी उतरतात कधी? येताना साखर आणतील का?” एका सज्जनांनी दिवाळीसाठी दोन किलो सांगून ठेवली. अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्या साखरेने रेच होतो, ती आतडं साफ करायला वापरून बघितली गेली आहे. मागणी दुप्पट झाली.

पण परिणाम बघायचे म्हटल्यावर अण्णा थांबत नाहीत. उलट्या घडणीचा जीव मेला तर आपले जंतू त्याला खाणार कसे? कुजणार नाही. त्याची विष्ठा कुजणार नाही. ते घंटागाडीत टाकायचं तर ओल्या कचऱ्यात की सुक्या? यावर अण्णांनी नगरपरिषदेला काल्पनिक नाव घालून खरं पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. आणि त्यांच्या पायाला लागून आलेला एखादा उलटा जंतू, जो नुसत्या उन्हावर आणि हवेवर वाढतो, तो बाणगंगेत पडला तर? त्याला खाणारं इथे कुणी नाही, आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना तो धड ओळखू येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जगातल्या ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये नेमका हाच इशारा दिला: आरशातले जिवाणू प्रयोगशाळेतसुद्धा करू नका. पेपरात ते वाचून अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे वाटले. जगाचा नाश होऊ शकतो म्हणून पेढे वाटणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

यानाची परवानगी पुन्हा रद्द झाली. चंद्रावरून आलेल्या अपोलो-११ च्या मंडळींना २१ दिवस कोंडून ठेवलं होतं, तसे हे सदतीस वरच्या वर विलगीकरणात गेले. मुदत अण्णा ठरवतील. आप्पांनी सुचवलं की यानावर एकदा एक टक्का बोर्डो मारून घ्या. लगेच स्वतःच मान हलवली. “नको. रेसिड्यू निघाला तर युरोपवाले घ्यायचे नाहीत.” २०१० साली द्राक्षांत वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले होते, तो घाव आप्पांच्या मनातून अजून गेलेला नाही. पाहुण्यांना एक्सपोर्ट करण्याचा विषय कुणी काढलाच नव्हता, हे मात्र खरं.

मग काकूंनी जे केलं ते केलं.

पक्की प्रत त्यांच्याच हातात होती. इतकी वर्षं ‘यान घिरट्या घालत होते’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा गिरवलं होतं की एका दुपारी त्यांच्या हाताला कंटाळा आला आणि पुढचं वाक्य आपोआप उमटलं: ‘आणि उतरले.’ कुठे उतरले, तर चंपाषष्ठीला, खंडेरावाच्या यात्रेत, बारागाड्या ओढण्याच्या वेळी. गर्दी इतकी की कुणी लक्षच दिलं नाही. लोकांना वाटलं कुठल्यातरी गावचं सोंग आलंय. त्यांच्यावर भंडारा उधळला गेला, ते पिवळे झाले, पंगतीत बसले आणि भरीत-रोडगा खाऊन पुन्हा मागून घेतला. शेवटी जाताना त्यांच्यातली एक बाई कृती विचारून गेली. बस, एवढीच गोष्ट, आठ पानांची. काकूंनी ती स्वतःच्या नावाने एका दिवाळी अंकाला धाडली आणि ती छापून आली.

अण्णांनी अंक हातात घेतला, तांबडी पेन्सिल घेतली आणि खोलीचं दार लावलं. बाहेर आले तेव्हा पेन्सिल अर्धी झाली होती.

“बाजरीचा स्टार्च उजवा असतो! रोडगा पचलाच कसा?”

“मागून घेतला म्हणजे पचला.”

“आणि विलगीकरण? पायाला काय लागलं होतं ते कुठे लिहिलंय?”

“भंडारा,” काकू म्हणाल्या. “पंगतीत बसलेल्याला आधी पोट उघडून दाखव म्हणायचं का?”

आप्पांना मात्र गोष्ट पटली. वांगं कोणत्या वाणाचं होतं एवढी त्यांची एक शंका होती.

अण्णांनी त्या आठ पानांचं शुद्धिपत्र लिहायला घेतलंय. ते सध्या साठाव्या पानावर आहे, आकृत्यांसह, आणि माझं स्पष्ट मत आहे की हीच त्यांची कादंबरी होणार. परवा मी ओट्यावर असताना त्या अंकाच्या संपादकांचा फोन आला. पुढच्या वर्षासाठी काकूंची आणखी एक गोष्ट हवी होती. फोन अण्णांनी उचलला.

“गोष्ट तयार आहे,” ते म्हणाले, “पण अजून पास झालेली नाही.”

पलीकडून विचारणा झाली असावी, आपण कोण बोलताय.

अण्णा ताठ बसले. “इन्स्पेक्शन.”